मामंजी, ब्रेक चांगले होते

मामंजी, तुमच्या बाराव्याला सगळे टॅक्सीवाले आले होते. दादरच्या स्टँडवरचे, गिरगावातले, परळच्या नाक्यावरचे. खोलीत जागा पुरेना म्हणून गॅलरीत सतरंज्या घातल्या. जो तो एकच गोष्ट सांगत होता. तीस वर्षं म्हाताऱ्याने मुंबईत गाडी चालवली, पण कुणाला साधं खरचटलं नाही. एकदा लालबागच्या नाक्यावर ब्रेक फेल झाले, तर पठ्ठ्याने गाडी फुटपाथवर चढवली आणि हातगाडीवाल्याला वाचवला.

मी आत वडे तळत होते. ते ऐकलं आणि झारा हातातच राहिला. एक घाणा करपला. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या.

तुम्ही गेलात त्याला अजून महिना झाला नाही. लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, चहा घेतात, जातात. त्यातलं खोटं काहीच नाही. पण मला जे तुमचं सगळ्यात मोठं वाटतं ते कुणीच सांगत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही. म्हणून मी लिहिते आहे. सातवीपर्यंत शिकले आहे, मिलच्या वाइंडिंग खात्यात दिवसभर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारते. हेही जमेल.

ती हातगाडी लाल मिरच्यांची होती, आठवतं? ह्यांना अटक होऊन महिना झाला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेले आणि ठाण्याच्या तुरुंगात जाऊन बसले. घरात तुम्ही आणि मी. तुमचा मुलावर राग होता. "तो मिलमधलं खातं सोडून तुरुंगात बसलो. मुंबई काय कोण उचलून नेता?" असं तुम्ही भिंतीला सांगायचात, मला ऐकू जाईल अशा बेताने. मी म्हणायचे, "उचलूनच नेतायत मामंजी, म्हणून तर गेले." तुम्ही म्हणायचात, "मी तीस वर्षां गाडी चालवतंय. मारवाडी बसता, गुजराती बसता, मद्राशी बसता. मी विचारतंय काय, मुंबई कोणाची म्हणान?" मी म्हणायचे, "ते विचारतात का, चालवणारा राहतो कुठे?" मग तुम्ही उठून गाडी पुसायला जायचात. हा वाद आपला कधीच संपला नाही.

तर त्या दिवशी दुपारी तुम्ही परळकडून येत होतात. हातगाडी आडवी आली. तुम्ही शेवटच्या क्षणाला गाडी वळवली, पुढचं डावं चाक फुटपाथच्या दगडावर चढलं. हातगाडी कलंडली आणि मिरच्यांची पोती रस्त्यावर फुटली. मी पाळी सुटून घरी येत होते. नाक्यावर पाहते तर ही गर्दी, आणि सगळी गर्दी शिंकते आहे. शिव्या देणारासुद्धा मध्येच शिंकत होता. तुम्ही गाडीला टेकून उभे होतात. मला बघून एवढंच म्हणालात, "ब्रेक लागलोच नाय गो."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. हातगाडीवाल्याच्या गुडघ्याला धूळ तेवढी लागली होती. तुम्ही खाली बसून त्याच्याबरोबर मिरच्या वेचल्यात. सांडलेल्या बहुतेक मिरच्या तुमच्या हाताला लागत नव्हत्या, हात आजूबाजूची जमीन चाचपत होता, हे मी पाहिलं. धक्का बसला असेल म्हणून सोडून दिलं.

गाडी कशीबशी चाळीच्या अंगणात आणली. डावीकडे कललेली, एका पायाने लंगडणाऱ्या म्हशीसारखी. समोरच्या चाळीतले कांबळेकाका आले. ते मिलच्या बॉयलरवर फिटर, नुकतेच नागपूरहून दीक्षा घेऊन परतले होते, तेव्हापासून त्यांच्या चालण्यात एक ताठा आला होता. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पुढचा पाटा तुटलाय. माझ्या ओळखीचं गॅरेज आहे, सोमवारी ओढून नेऊ."

"गॅरेज नको," तुम्ही म्हणालात.

"अहो पण ब्रेकही बघायला पाहिजेत."

"ब्रेक मी बघीन. दुसऱ्यान उघडलेल्या ब्रेकावर मी पाय ठेवत नाय."

कांबळेकाका हसले. तुमचा हट्ट सगळ्यांना माहीत होता. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "ह्यां काम तुझ्याच हातान होतलां." मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. माझ्या हातांनी तोवर स्टोव्हच्या पिनेपलीकडे काही दुरुस्त केलं नव्हतं. पण पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही अंगणात स्टूल टाकून बसलात, गोणपाट पसरलंत आणि वर गॅलरीकडे बघून हाक मारलीत, "सुले, खाली ये. पदर खोचून ये."

सगळी चाळ कठड्यावर उभी. सखूबाई वरून ओरडली, "सूनबाई, आता आमच्याकडच्या शिवणयंत्राचं पण बघा हो!" मला लाज वाटली. तुम्हाला अजिबात वाटली नाही. तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "लोकांका बघूं दे. बघून बघून शिकतीत."

तुम्ही शिकवायचात कसं, ते मला अजून नवल वाटतं. तुम्ही बोट दाखवत नव्हतात, माझा हात धरून तिथे नेऊन ठेवायचात. पाट्यांचा गठ्ठा म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक, वरची लांब, खालची आखूड, मधोमध एका बोल्टने बांधलेल्या. खड्डा आला की तो गठ्ठा वाकतो आणि माणसाची कंबर वाचते. जॅकने गाडी उचलली, खाली लाकडी ठोकळे लावले. तुम्ही दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवून पाहिलीत. "आधी हलवून बघायची, मग खाली डोक्यां घालायचां. उलटां केलंय तर तुझ्या घोवाक मी काय सांगूं?" गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल ओतलं, तासभर थांबलो. तेवढ्यात मी भात लावून आले. परत आले तर तीन बोल्ट सुटले. चौथा सुटेना. तुम्ही म्हणालात, "जोर नको लावूं. ऐक त्याचां." मी पान्याला थोडा थोडा हिसका देत राहिले आणि एका हिसक्याला आतून बारीक करकर आली. "आला," तुम्ही म्हणालात. माझ्याआधी तुम्हाला कळलं होतं.

सगळ्यात वरची लांब पट्टी मधून तुटली होती. कांबळेकाकांनी आणि मी तो गठ्ठा लोहाराकडे उचलून नेला, नवी पट्टी घालून आणली. एका बाजूचाच पाटा तुटला तर दोन्ही बाजूंचे का बदलायचे, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक नवा, एक थकलेला. गाडी कलतली. घरात पण तसांच होता." ते तुम्ही कुणाबद्दल म्हणालात, हे मी तेव्हा विचारलं नाही. मग दुसऱ्या बाजूलाही नवी पट्टी घालून आणली आणि दोन्ही गठ्ठे बसवले. शेवटचा आवळ मात्र गाडी जमिनीवर आल्यावर, तिचा भार पाट्यांवर पडल्यावरच द्यायचा, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत.

संध्याकाळी गाडी सरळ उभी राहिली तेव्हा मी चार पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघत राहिले. वाइंडिंग खात्यात दिवसाला शेकडो गाठी मारते, पण त्यातली एकही नंतर मला दिसत नाही. हे माझ्या हातचं काम समोर उभं होतं.

आणि मग पुढचा रविवार. ब्रेकचा.

पहिलं चाक काढलं. आतला ड्रम लाकडाने ठोकून ठोकून बाहेर काढला. आत दोन अर्धगोल ब्रेक शू, त्यांवर रिबिटांनी बसवलेलं लायनर. तुम्ही समजावलंत की पेडल दाबलं की पाइपातून तेल येतं, शू फाकतात, लायनर ड्रमला घासतं आणि चाक थांबतं. लायनर झिजलं आणि रिबिटांची डोकी वर आली की समजायचं, ब्रेक गेले. तेल गळून लायनर भिजलं तरी गेले. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "बघ."

मी बघितलं. रिबिटांची डोकी खोल होती. लायनर माझ्या करंगळीच्या अर्ध्या जाडीचं तरी होतं. कोरडं. कुठे तेलाचा थेंब नाही.

मला वाटलं, बिघाड दुसऱ्या चाकात असेल. दुसरं उघडलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. तेलाची टाकी भरलेली. पाइप बाहेरून कोरडे. मी चौथ्या चाकापाशी उकिडवी बसले होते आणि तुमच्या हातात शू दिला. तुम्ही अंगठा लायनरवरून फिरवलात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. तीस वर्षांचा अंगठा तो. त्याला कळलं नसेल असं होणारच नाही.

"झिजलेत गो," तुम्ही म्हणालात.

तुमचा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर माझ्या कानापाशी कुठेतरी. मी तुमच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. सुनेने सासऱ्याच्या डोळ्यांत बघायची आपल्याकडे रीत नाही. बाहुल्यांवर दुधाळ साय होती. दोन्ही. आणि मग मला सगळं एका दमात दिसलं. मिरच्या चाचपणारा हात, बोटाने न दाखवता हात धरून नेणं, गॅरेजला नको म्हणणं. गॅरेजवाल्याने ड्रम उघडताच सांगितलं असतं, म्हातारबा, ब्रेक तर चांगले आहेत. म्हणून तुम्ही ते काम अशा हाताला दिलंत ज्याला त्यातलं काही कळणार नाही. फक्त शिकवताना तुम्हाला हात राखता आला नाही. चांगला ब्रेक कसा ओळखायचा, तेही तुम्हीच मला शिकवून बसलात.

"हो," मी म्हणाले. "झिजलेत. बदलूया."

आपण सगळी लायनरं बदलली, मामंजी. जुनी रिबिटं काढून नवी ठोकली. एकेक शू तुम्ही मांडीवर घेऊन अंगठ्याने तपासलात. मग पाइपातली हवा काढायची होती. ते दोन माणसांचं काम. तुम्ही आत पेडलवर, मी चाकापाशी, रबराची नळी बाटलीत सोडून. मी सांगायचे तसं तुम्ही करायचं.

"दाबा!"

"दाबलंय."

"धरा! सोडू नका!" मी नळीचं तोंड उघडायचे, तेलातून बुडबुडे यायचे, बंद करायचे. "आता सोडा."

कठड्यावरून सखूबाई म्हणाली, "अगो बाई, सून सासऱ्याला हुकूम सोडते!" तुम्ही खिडकीतून डोकं काढून म्हणालात, "सोडूं दे. आज तां माझां मुकादम." चाळ हसली. मीही हसले. पण नळीतून बुडबुडे यायचे थांबले तरी मी तुम्हाला दोनदा जास्तच दाबायला लावलं. काम संपलं की तुम्ही गाडी बाहेर काढणार, हे मला दिसत होतं. तुम्हाला कसं थांबवायचं, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये हरताळ होता. सकाळीच तुम्ही धुतलेला खाकी कोट घालून तयार. मी म्हणाले, "मीही येते. माझं काम आहे, मला बघायचंय." तुम्ही नको म्हणाला नाहीत. मी तुमच्या शेजारी बसले. तुम्ही गाडी अंगणातून काढलीत ती इतकी अलगद, की क्षणभर वाटलं, मी उगाच भ्याले. रस्ता तुम्हाला पाठ होता. प्रभादेवीकडे वळेपर्यंत तुम्ही हॉर्न वाजवत, कान देऊन चालवलीत.

वळणापलीकडे वरळीच्या कोळीवाड्यातली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. ती समोर होती. अगदी समोर. तुम्ही वेग कमी केला नाहीत.

मी ओरडले, "थांबा!"

तुमचा पाय त्याच क्षणी पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, इतकी घट्ट की मी पुढच्या काचेवर आपटले. बंपर आणि त्या बाईच्या लुगड्यात एक वीत अंतर होतं. ती पाटी सावरून वळली आणि खिडकीपाशी येऊन तुम्हाला म्हणाली, "डोले हायत का भोकां? येवरी मोठी बाई दिसली नाय तुला?"

तुम्ही हात जोडलेत. ती चालायला लागली, तरी तुमचे हात जोडलेलेच होते. मग तुम्ही इंजिन बंद केलंत. मी कपाळ चोळत होते. तुम्ही म्हणालात, "ब्रेक चांगले लागले."

"हो."

"तू बसवलंस म्हणान." मग चावी काढून माझ्या मांडीवर ठेवलीत. "आजपासून मी गाडी चालवूचंय नाय."

एवढंच. कारण सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. मामंजी, लोक तुमच्या तीस वर्षांचं कौतुक करतात. मला त्या एका सकाळचं वाटतं. रस्त्यात कुणी पोलीस नव्हता, कुणी तक्रार केली नव्हती. नवे ब्रेक, सरळ उभी गाडी, पुढे अख्खा दिवस. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने चावी काढलीत. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने ती चावी काढली असती का, मला शंका आहे. ह्यांनी काढली असती का? मी काढली असती का?

मग खरी पंचाईत झाली. गाडी रस्त्याच्या मध्ये, मला चालवता येत नाही, तुम्ही चालवणार नाही. तेवढ्यात मागून मोर्चा आला. मिलच्या फाटकावरून निघालेला. पुढे कांबळेकाका. त्यांनी आपल्याला पाहिलं, "काय झालं?" विचारलं. मी म्हणाले, "पेट्रोल संपलं." मग काय, दहा-पंधरा माणसांनी गाडीला खांदा लावला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," मागून आरोळी उठायची, "झालाच पाहिजे" म्हणत गाडी पुढे सरकायची. तुम्ही स्टिअरिंगवर, मी शेजारी. लालबागपर्यंत आपली वरात आली. नाक्यापाशी मला तुमचे ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"खंय काय? ठसको लागलो."

मग हे तुरुंगातून सुटून आले. तुम्ही त्यांना गाडी शिकवलीत, शेजारी बसून, नुसत्या आवाजावरून. "गिअर रडता," "क्लच अर्धो सोडलंस." ह्यांनी मिल सोडली आणि टॅक्सी घेतली. ब्रेक मात्र माझ्याकडेच राहिले. दर पावसाळ्याआधी अंगणात गोणपाट पसरायचं, तुम्ही स्टुलावर, मी चाकापाशी. मग दुसरे टॅक्सीवालेही विचारायला लागले. सखूबाई हसायची थांबली आणि एकदा तिच्या जावयाची गाडी घेऊन आली. मला गाडी चालवायला शिकवा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "बघूंया." चार वर्षं बघूंया. हा दुसरा वाद. तोही तसाच राहिला, आणि त्यावरून मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे.

गेल्या वर्षी परळच्या इस्पितळात डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आलात, खाटेवर बसलात आणि पहिल्यांदा माझे हात बघितलेत. नखांत काळं, बोटांवर चरे. म्हणालात, "हे असे झाले?" मी हात पदरात घेतले. तुम्ही म्हणालात, "सुले, त्या दिवशी ब्रेक..."

मी म्हणाले, "चहा ठेवते."

आणि उठून गेले. मला वाटलं, मी तुमची लाज राखते आहे. आता कळतं, तुम्हाला ती राखायची नव्हती, उतरवून ठेवायची होती. इतकी वर्षं धरून ठेवलेलं वाक्य तुम्ही माझ्यासमोर ठेवलं आणि मी स्टोव्ह पेटवला. तुम्ही परत तो विषय काढला नाहीत. राज्य झालं त्या दिवशी लालबागला रोषणाई होती, तुम्ही चष्मा पुसून पुसून बघत होतात. "बरां झालां," म्हणालात, एवढंच. पंधरा दिवसांनी छातीत कफ भरला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. बोलायचं राहून गेलं ते माझ्यामुळे. मला त्याचं वाईट वाटतं, मामंजी, पण मी रडत बसणार नाही. तुम्ही मला रडत बसायला शिकवलं नाहीत.

काल मी ह्यांना सगळं सांगितलं. ड्रम, लायनर, तुमचा अंगठा, कोळीण, चावी. मला वाटलं चिडतील, इतकी वर्षं का लपवलंस म्हणून. ते सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"तुरुंगात मला भेटायला आले होते. तू पाळीवर होतीस. मिरच्यांच्या आधीची गोष्ट. आम्हा पाच-सहा जणांना अंगणात आणून बसवलं. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, सगळ्यांचे कपडे सारखे. बाबा आले, सरळ माझ्या शेजारच्यापाशी गेले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मोठ्या रागात आले होते, पण हात फिरवत राहिले. म्हणाले, बारीक झालंस रे."

"मग? तुम्ही हाक नाही मारलीत?"

"मारणार होतो. पण तो विदर्भातला माणूस. तुरुंगात आल्यापासून त्याला कुणी भेटायला आलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणून मी बाबांचा हात पुरता फिरून होईपर्यंत गप्प बसलो."